अल्ट्रोझ रेसर घ्यावी का? १२ लाखात 'स्पोर्टी' म्हणजे नक्की काय मिळतं?

पंचगंगाकाठ (९ जून २०२४)

राम राम मंडळी. परवा ७ तारखेला टाटाने अल्ट्रोझ रेसर काढली आणि तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. १.२ टर्बो पेट्रोल, १२० पीएस (ताकद), १७० एनएम (टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर), ६ गिअरचा मॅन्युअल. आर१ ९.४९ लाख, आर२ १०.४९, आर३ १०.९९, सगळे एक्स शोरूम, म्हणजे रोड टॅक्स-विम्याच्या आधीचे.

सध्या २०१३ची डिझेल हॅचबॅक आहे, १ लाख ३८ हजार किमी झालेत, गाडी गुणाची आहे पण आता पाय मोकळे करावेसे वाटतायत. राहायला पुण्यात, नोकरी हिंजवडीत, घर कोल्हापूर, महिन्यातून दोनदा जाणं-येणं, एका बाजूने २३० किमी, गाडीत आईवडीलही बसतात. बजेट ऑन रोड १२, फार तर साडेबारा, त्याच्या वर गेलो तर राहायची सोय पण बघावी लागेल.

समोर पर्याय म्हणजे ह्युंदाईची आय२० एन लाइन (१२० पीएस, १७२ एनएम, १.० टर्बो), फ्रॉन्क्स टर्बो (१०० पीएस), नाहीतर सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय. मित्र म्हणतोय थोडं ताण आणि फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी घे. थोडं म्हणजे किती ते त्याला विचारलं तर म्हणे ९-१० लाख फक्त.

खरं सांगा, रेसरमध्ये रेसिंग किती आणि पट्टे किती?

तिसरा_गिअर

पट्टे दोन, बॉनेटपासून छतापर्यंत :)

चेष्टा सोड भावा, आधी हे सांग की तुला वेग पाहिजे का मजा पाहिजे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेगच पाहिजे तर वर्ना टर्बो बघ, १६० पीएस, कंपनी ० ते १०० साठी ८.१ सेकंद सांगते, टर्बोचं खालचं मॅन्युअल मॉडेल १५ लाखाच्या आसपास एक्स शोरूम. पण ती ४.५ मीटरची सेडान आहे आणि तुझ्या बजेटमध्ये नाही, म्हणजे ते बोलणं तिथंच संपलं.

हिशेबनीस

धागा वाचून हात शिवशिवले म्हणून जरा आकडेमोड केली. लोक एक्स शोरूम किमतीवर भांडतात आणि चेक ऑन रोडचा फाडतात.

महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखापर्यंत ११ टक्के रोड टॅक्स, १० ते २० लाखात १२, त्याच्या वर १३. शिवाय १० लाखाच्या वर गेलात की १ टक्का टीसीएस (गाडी घेताना आगाऊ कापला जाणारा आयकर, तो रिटर्न भरताना वळता होतो, पण आज खिशातून जातोच).

आर१ चा टॅक्स १ लाख ४ हजार ३९०. आर२ चा १ लाख २५ हजार ८८० आणि वर टीसीएस १० हजार ४९०. म्हणजे ब्रोशरमधला १ लाखाचा फरक रस्त्यावर येईपर्यंत १ लाख ३२ हजार झाला, विमा अजून धरलाच नाही. ९ टक्क्यांनी ५ वर्षांचं कर्ज काढलं तर या फरकाचा हप्ता महिन्याला साधारण २७४० रुपये. एवढे पैसे कशाचे? सनरूफ आणि ३६० कॅमेऱ्याचे. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, १२० पीएस तेच.

विमा-फास्टॅग वगैरे अंदाजे धरून ऑन रोड: आर१ ११ लाख. आर३ १२.९. आय२० एन लाइनचं एन६ मॅन्युअल (एक्स शोरूम ९.९९, १० च्या आत कशी बसवलीय बघा) ११.६. तिचंच एन८ डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) पावणेपंधरा. व्हर्टस जीटी प्लस २१-२२.

आता दर पीएसमागे रुपये: आर१ ९१७०, आय२० एन६ साधारण ९६७०, वर्ना टर्बो १० हजार ९००, व्हर्टस १४ हजार ५००, जुनी पोलो जीटी सव्वासातला मिळाली तर ६९००.

क्लचकाका

हिशेबनीस साहेब, या हिशेबाने एसटीची लालपरी विकत घ्यायला पाहिजे, दर पीएसमागे सगळ्यात परवडेल आणि आईवडीलही बसतील, गावही बसेल.

पीएस हा आकडा गाडी पार पिळल्यावर येतो हो. रेसरचे १२० पीएस ५५०० आरपीएमला आहेत. हिंजवडी ते वाकड तुम्ही ५५०० ला कधी जाणार? रोजच्या चालवण्यात जे पाठीला लागतं ते टॉर्क, आणि तो कुठून कुठपर्यंत मिळतो ते. रेसरचा १७० एनएम १७५० पासून ४००० पर्यंत सपाट आहे. गेल्या महिन्यात आलेली नवी स्विफ्ट बघा, ८२ पीएस, ११२ एनएम, तोही ४३०० ला. स्विफ्ट वाईट नाही, हलकी आहे, मायलेज भरपूर, पण खंबाटकी चढताना चौघं बसलेत, एसी चालू आहे आणि पुढे ट्रक दुसऱ्या ट्रकला ओव्हरटेक करतोय, तेव्हा तिला दुसऱ्यात आणून किंचाळायला लावावं लागतं आणि टर्बोवाला तिसऱ्यातच पाय दाबून निघून जातो. माझ्या लेखी हाच परफॉर्मन्स. बाकी सगळं कॉलेजच्या गेटसमोरचं.

अजून एक, जो कोणी सांगत नाही. उंचीवर हवा विरळ होते, साध्या इंजिनची ताकद दर हजार मीटरला ढोबळमानाने १० टक्क्यांनी कमी होते. टर्बो हवा ढकलून भरतो म्हणून त्याला हा फटका फार कमी. महाबळेश्वरला जाऊन आलात की कळेल.

राइनकाठचा

जर्मनीतून लिहितोय. इथे आय२० एन म्हणजे वेगळंच प्रकरण होतं, १.६ टर्बो, २०४ पीएस, ० ते १०० ६.२ सेकंदात. भारतात जी मिळते ती एन लाइन, म्हणजे एनचे कपडे आणि थोडा व्यायाम. नावात एक 'लाइन' शब्द जास्त आणि ८४ पीएस कमी. अर्थात युरोपात ती खरी एन पण यावर्षी बंद केली, तेव्हा आम्ही फार मिरवण्यात अर्थ नाही. तुमच्याकडे निदान ११ लाखात टर्बो मॅन्युअल नवीन मिळतेय, इथे छोट्या मजेशीर मॅन्युअल गाड्या एकेक करून चालल्या.

चोर्ला_घाट

गोंयांतून +१ टर्बोला. चोर्ला घाट चढताना क्लचकाका म्हणतात तेच.

पण पंचगंगाकाठ, जरा इतिहास पण बघा. आपल्याकडे गरम हॅचबॅक (छोट्या पण ताकदवान गाड्या) किती आल्या आणि किती टिकल्या? २०१५ ला पुंटो अबार्थ आली, आपल्या रांजणगावची, १४५ पीएस, २१२ एनएम, ९.९५ लाखात. आज ९ वर्षांनी १२० पीएसला आपण टाळ्या वाजवतोय! २०१७ ला बलेनो आरएस, १०२ पीएस, २०२० पर्यंत संपली. पोलो जीटीआय २०१६ ला २५.९९ लाखात आणली, १९२ पीएस, मोजून ९९ गाड्या, आणि तरी नंतर किंमत १९.९९ वर आणावी लागली. तेव्हाचे २६ लाख म्हणजे लोक म्हणायचे यात फ्लॅटचं डाउन पेमेंट होतं, आणि ते खरंही होतं. मथितार्थ काय तर आपल्याकडे लोक कौतुक अशा गाड्यांचं करतात आणि विकत एसयूव्ही घेतात.

तिसरा_गिअर

अबार्थचं नाव काढलंत, आता रात्री झोप नाही. मित्राकडे होती. स्टिअरिंग हायड्रॉलिक, जड, पण रस्त्यावरचा खडा न् खडा हाताला सांगायची. असली गाडी चालवायला दोन हात लागतात, आजकालच्या बोटाने फिरतात.

सारथी_मी

सगळे पीएस आणि एनएममध्ये बुडालात, एक विचारू का? ब्रेक आणि टायरचं कोणी बोललं नाही. आय२० एन लाइनला चारही चाकांना डिस्क आहेत आणि टायर १९५ मिमी रुंद. रेसरला मागे ड्रम, टायर १८५, चाकं दोन्हीची १६ इंची. सस्पेन्शन पण ह्युंदाईने एन लाइनसाठी कडक केलंय. म्हणजे वळणावर आणि थांबताना कागदावर आय२० पुढे. उलट बाजूने अल्ट्रोझला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत ५ स्टार आहेत (२०२० ची टेस्ट, तेव्हाचे नियम सोपे होते आणि गाडीत एअरबॅग दोनच होत्या, आता रेसरला ६ आहेत), आय२० ला २०२२ मध्ये ३ मिळाले होते, तेही फेसलिफ्टच्या आधीच्या गाडीला. मी असते तर नुसत्या ० ते १०० वरून ठरवलं नसतं, १०० ते ० पण बघितलं असतं.

आणि दादा, आईवडील महिन्यातून किती वेळा बसणार आहेत ते पण लिही. या गाड्या खाली असतात.

पंचगंगाकाठ

ताई, बरोबर बोललात. आईचा उजवा गुडघा दुखतो, दर वेळी डिझेलमधून उतरताना "थांब, घाई करू नको" असं मला म्हणते, मी तर घाई करतच नसतो.

बाकी डीसीटीचं काय? हिंजवडीत रोज क्लच मारून पाय जाईल असं सगळे म्हणतायत. रेसरला ऑटोमॅटिक नाहीच.

हिशेबनीस

डीसीटी म्हणजे एन८, म्हणजे पावणेपंधरा लाख. बजेटच्या सव्वादोन वर. पायाला मालिश स्वस्त पडेल.

क्लचकाका

माझा अनुभव सांगतो, गाडीचं नाव घेत नाही, उगाच पंखे-भक्तांचं युद्ध नको. ड्राय क्लचची डीसीटी ५ वर्षं वापरली. हायवेवर लोणी. पण चांदणी चौकात मे महिन्यात पाऊण तास इंच इंच सरकत होतो, चढाला ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवरच धरून ठेवली (चूक माझीच) आणि डॅशवर गिअरबॉक्स गरम झाल्याचा लाल इशारा, कडेला घ्या म्हणून. बायकोने डबा उघडला आणि आम्ही तिथंच पोळीभाजी खाल्ली. या गिअरबॉक्सला रांगणं आवडत नाही, आत दोन क्लच असतात आणि रांगताना ते अर्धवट लागून घासत राहतात. गॅप धरून, थांबून, मग पुढे जायचं. पण मागचा हॉर्न मारतो ना.

त्यापेक्षा मूळ प्रश्न, तू रोज गाडी नेतोसच कशाला?

पंचगंगाकाठ

काका, खरं सांगू का, कंपनीची बस घराजवळून जाते. पण नवी गाडी घेऊन बसने जायचं?

क्लचकाका

हो! बसने जायचं, झोपायचं, आणि शुक्रवारी रात्री गाडी काढायची. परफॉर्मन्स गाडी ट्रॅफिकमध्ये नेणं म्हणजे पैलवानाला रेशनच्या रांगेत उभं करणं. महिन्याचे ९२० किमी कोल्हापूर आणि वर थोडं इकडंतिकडं, एवढंच तुझं खरं ड्रायव्हिंग. त्यासाठी गाडी निवड.

बूस्ट_बार

आर१ घ्या आणि ३०-४० हजारात रिमॅप करा (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून घ्या), आरामात २०-२५ पीएस वाढतील. कशाला जास्त पैसे घालवताय.

हिशेबनीस

आणि वॉरंटी? आणि क्लेमच्या वेळी विमा कंपनीचा माणूस तपासायला आला की त्याला काय सांगायचं, फोटो काढा म्हणून? पहिली तीन वर्षं तरी ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) हात लावू नका. हे वैम (वैयक्तिक मत).

पंचगंगाकाठ (२३ जून)

टेस्ट ड्राइव्ह झाल्या. लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

आधी जुनी पोलो जीटी बघितली, २०१८ची १.२ टीएसआय, ७ गिअरची डीएसजी (फोक्सवॅगनची डीसीटी), मालकाने ७.४० सांगितले. दार बंद केल्यावर जो आवाज येतो ना धप्प, त्या आवाजालाच ५० हजार जास्त द्यावेत. चालवायलाही भारी, पण ६ वर्षं जुनी, सर्व्हिसची शेवटची दोन वर्षं बाहेर केलेली, कागद नाहीत, आणि गिअरबॉक्सचं काही निघालं तर वाचवलेले पैसे तिथंच. मनाने घेतली होती, डोक्याने ठेवली.

मग आय२० एन लाइन मॅन्युअल. एक्झॉस्टचा आवाज मुद्दाम केलाय हे कळतं तरी आवडतो. स्टिअरिंग नेमकं, सूस रोडच्या वळणावर गाडी दोरी ओढल्यासारखी आत येते. स्पीडब्रेकरवर मात्र कडक, मागे बसलेले बाबा दोनदा "अरे" म्हणाले.

शेवटी रेसर. सेल्सवाला पोरगा शेजारी बसला, चुणचुणीत, म्हणे सर मोकळी चालवा. पाषाणच्या बाजूचा चढ, पुढे टेम्पो, मी दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकली, आरपीएमचा काटा १५०० वर, पाय दाबला तर एक सेकंद काहीच नाही, मी म्हटलं बास का, आणि तेवढ्यात १८००-१९०० ला काटा पोचला आणि असं वाटलं की मागून कोणीतरी दोन्ही हातांनी ढकललं. टेम्पो आरशात गेला. पोरगा वरचा हँडल धरून हसत होता, त्याला सवय असणार. चौथ्यात ६० ला पण तसंच, गिअर खाली न टाकता निघते. आवाज तीन सिलिंडरचा थोडा गुरगुरता, ४५०० च्या पुढे फार काही नवीन घडत नाही, वरपर्यंत पिळत बसण्यात मजा नाही, मधल्या पट्ट्यात मजा आहे. आय२० वरच्या बाजूला जास्त आनंदाने फिरते असं मला वाटलं. म्हणजे कागदावर दोन्ही १२० पीएस, एक घाटाची आणि एक एक्सप्रेसवेच्या रॅम्पची.

मग आईला घेऊन परत गेलो. अल्ट्रोझची दारं ९० अंशात उघडतात, हे मी ब्रोशरमध्ये वाचून पुढे गेलो होतो. आईने मागचं दार उघडलं, ते पार भिंतीसारखं सरळ उभं राहिलं, आधी पाठमोरी बसली, मग दोन्ही पाय एकदम आत घेतले, गुडघ्याला हात न लावता. उतरताना पण तसंच. मग बाहेर उभी राहून म्हणाली "ही बरी आहे, पण ही रेघोट्या मारलेलीच मिळते का?"

सारथी_मी

झालं. गाडी ठरली.

तिसरा_गिअर

हा हा हा. १२० पीएस एकीकडे आणि दाराची बिजागरी एकीकडे.

चोर्ला_घाट

हसू नका हो, बरोबर आहे ते. माझ्या भावाने असाच नुसता आकडा बघून गाडी घेतली, घरचं कोणी बसत नाही, आता एकटाच फिरतो आणि पेट्रोल भरतो. पंचगंगाकाठ, आर१ की आर३? आर३ ला व्हेंटिलेटेड सीट आहेत, एप्रिलमध्ये कोल्हापूर गाठायचं तर पाठ वाळलेली बरी.

पंचगंगाकाठ

हिशेबनीस साहेबांनी पुरतं बिघडवलंय मला. आर१ आणि आर३ मध्ये पावणेदोन लाखाच्या वर फरक पडतोय ऑन रोड. तेवढ्यात ४ चांगले टायर, २ वर्षांचा विमा आणि वर बरंच पेट्रोल येतं. इंजिन सगळ्यात एकच असताना वरचं मॉडेल घेणं म्हणजे परफॉर्मन्ससाठी नाही, गारव्यासाठी पैसे देणं. गारव्याला रुमाल आहे.

हिशेबनीस

रुमालाला टीसीएस लागत नाही. पुढे चला.

राइनकाठचा

टायरचं खरंच मनावर घ्या. १८५ च्या जागी १९५ ची चांगली ग्रिपवाली जोडी टाकली तर ब्रेक आणि वळण दोन्हीत फरक कळेल. फक्त आधी रिमची रुंदी आणि विमा कंपनीचं म्हणणं बघून घ्या. कंपनीचे टायर घासू द्या आधी, नवीन फेकू नका.

पंचगंगाकाठ (२० ऑक्टोबर)

मंडळी, गाडी आली. दसऱ्याला, आर१, पांढरी (केशरी बघून बाबा म्हणाले होते की लांबून झोमॅटोवाला वाटशील). आजपर्यंत ८६० किमी. सोमवार ते शुक्रवार बस. काकांचं ऐकलं.

कोल्हापूरला पहिली खेप परवा झाली. सातारा ते कागल रुंदीकरणाचं काम चाललंय, डायव्हर्जनवर डायव्हर्जन, तिथे १२० पीएस असो की २०, ट्रकच्या मागेच. पण त्याच्या आधी खंबाटकी सकाळी साडेसहाला रिकामा मिळाला. तिसऱ्या गिअरमध्ये खालून वरपर्यंत, काटा २२०० ते ३२०० मध्ये, एकदाही दुसरा लागला नाही. डिझेलमध्ये याच घाटात मी ट्रक मोजायचो. येताना बोगदा आणि पुढचं ते एस वळण, तिथे मुद्दाम ५० वर आलो, तिथली गंमत नको.

मायलेज हायवेला १५ च्या आसपास, तेही जपून. परवा मित्राला दाखवायला अर्धा तास मजा केली तेव्हा स्क्रीनवर ९.८ दिसलं. डिझेलच्या २० ची सवय असलेल्या माणसाला पंपावर थोडं दुखतंच, ते लपवत नाही.

मध्ये नारायण कार्तिकेयनने कोइम्बतूरच्या ट्रॅकवर हीच गाडी पळवून इंडिया बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये नाव लावलं म्हणे. मी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्याला कोल्हापूरला येताना चार टोल भरावे लागले असते का?"

आई खूश आहे. फक्त पहिल्या दिवशी पूजा झाल्यावर बॉनेटवर ओल्या फडक्याने पट्टे घासून बघत होती.

क्लचकाका

अभिनंदन! पहिले दीड हजार किमी एकाच स्पीडला हायवेवर धरून ठेवू नको, आरपीएम वरखाली होऊ दे, आणि जोरात पळवून आल्यावर लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट चालू ठेव, टर्बोला तेल फिरू दे. पेढे कुठे आहेत?

पंचगंगाकाठ

काका, कोल्हापूरचे आहेत, डिकीत. वाकडला कधी येताय सांगा.